स्वमग्न कोण?

गेल्या वैशाखांत आमच्या एका आप्तांच्या घरची मुंज पुण्यांतील एका कार्यालयांत झाली. मंडळी तीनशेंच्या आसपास होती. शेवटचें मंगलाष्टक संपतें न संपतें तोंच वाजंत्री सुरू झाली, ध्वनिक्षेपकानें ती दसपट केली, आणि त्याच क्षणीं कोणा हौशी गृहस्थानें दाराशीं फटाक्यांची माळ लावली. माझा सवातीन वर्षांचा नातू जरीचा सदरा घालून पुढच्या रांगेंत आईजवळ उभा होता. त्यानें दोन्ही तळहात कानांवर दाबले, खुर्चीखालीं शिरला, आणि मग फरशीवर डोकें आपटूं लागला. माझ्या सुनेनें त्याला बाहेर ओढलें, छातीशीं गच्च धरलें, व त्याच्या लाथा सोशीत ती कार्यालयाबाहेर चपलांच्या ढिगाजवळ जाऊन बसली.

इतकें झाल्यावर बोलणें ओघानेंच आलें. आमच्यापैकीं एक वयोवृद्ध बाई, शाळेंत सारें आयुष्य घालविलेल्या आणि एरवीं अत्यंत समंजस, शांतपणें म्हणाल्या, "एकुलता एक ना? आईनं लाडावून ठेवलाय. आमच्या वेळीं दोन धपाटे बसले कीं सगळं सुरळीत व्हायचं." भोंवतालच्या चारपांच माना हालल्या. त्यांत एक मान माझी होती.

ती मान परत घेण्याकरितां हा लेख लिहीत आहें.

मी वैद्य नव्हे कीं मानसशास्त्रज्ञ नव्हे. चाळीस वर्षें मुलांना मराठी शिकविलें, एवढीच माझी पात्रता. तेव्हां आरंभ शब्दापासून करतों, कारण या प्रकरणांतली पहिली चूक मला शब्दांतच दिसते. 'ऑटिझम' हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनीं १९११ च्या सुमारास रूढ केला. 'स्वतः' या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून तो बनविलेला आहे, आणि त्यांनीं तो योजिला तो स्किझोफ्रेनियाच्या प्रौढ रुग्णांसाठीं, जगाकडे पाठ फिरवून स्वतःच्या कल्पनाविश्वांत दडणाऱ्या माणसांसाठीं. पुढें १९४३ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील लिओ कॅनर यांनीं अकरा मुलांचें वर्णन करणारा एक प्रबंध प्रसिद्ध केला व हाच शब्द उसना घेऊन त्या मुलांच्या स्थितीला चिकटविला. दुसऱ्याच वर्षीं व्हिएन्नाच्या हान्स ॲस्परगर यांनींहि तोच शब्द वापरला. आमच्या भाषांतरकारांनीं त्या ग्रीक मुळाशीं इमान राखून 'स्वमग्नता' हा शब्द घडविला.

शब्द देखणा आहे, यांत शंका नाहीं. ध्यानस्थ मुनि, एकांतप्रिय कवि, तंबोरा जुळवितांना भोंवतालचें भान विसरलेला गवई अशी मंडळी त्याबरोबर मनांत येतात. पण या सर्वांच्या मग्नतेंत स्वेच्छा आहे. मुनीनें डोळे आपण होऊन मिटलेले असतात. तीन वर्षांच्या पोराला हें विशेषण लावलें कीं ऐकणाऱ्याची अशी समजूत होते, कीं हें मूल आपल्या मर्जीनें आंत जाऊन बसलें आहे, दार त्यानेंच लावून घेतलें आहे, आणि आतां तें उघडावयास तयार नाहीं. मग बाहेरून धक्के मारावेत असें लोकांना वाटलें तर नवल काय?

गेले आठ महिने मी या मुलाकडे एखाद्या कठीण उताऱ्याकडे पाहावें तसें पाहत आहें, आणि मला जें दिसलें तें अगदीं उलटें आहे. त्याच्या घराला दारच नाहीं. जें येतें तें थेट आंत येतें. तिसऱ्या मजल्यावरील बिऱ्हाडांत मिक्सर लागला तर आमच्या तळमजल्यावर त्याचा खेळ थांबतो. कुकरची शिटी होण्यापूर्वीं जी बारीक सुरसुर होते, ती मला आयुष्यांत प्रथम ऐकूं आली ती त्याच्यामुळें; ती सुरू होतांच त्याचे हात कानांवर जातात. सदऱ्याच्या मानेमागचें लेबल कापून टाकल्यावांचून तो सदरा अंगांत ठेवीत नाहीं. वरण आणि भात हीं दोन्हीं तो खातो, पण वेगवेगळीं. एकाचा दुसऱ्याला स्पर्श झाला कीं ताट उलटें. नखें काढणें हा आमच्या घरीं पंधरवड्याचा संग्राम असतो व न्हाव्याच्या दुकानाच्या रस्त्यानें आम्ही त्याला नेत नाहीं.

गंमत अशी, कीं याच मुलाला दुसऱ्या कांहीं संवेदना पुरत नाहींत. तो स्वतःभोंवतीं गरगर फिरतो आणि त्याला भोंवळ येत नाहीं. गादी व भिंत यांमधल्या फटींत तो स्वतःला कोंबून घेतो. माझ्या आईच्या जुन्या लुगड्यांची एक जडशीळ गोधडी घरांत आहे. वैशाखांतहि तिच्याखालीं शिरून तो समाधानानें पडून राहतो. एकाच देहांत हें फार आणि तें थोडें कसें, याचें कोडें मला अद्याप सुटलेलें नाहीं, पण हें कोडें एकट्या आमच्या घरचें नव्हे. कॅनरनें वर्णन केलेल्या मुलांतहि मोठ्या आवाजांची व हालत्या वस्तूंची विलक्षण भीति नमूद आहे. तरी सत्तर वर्षें ती गोष्ट कडेला पडून राहिली, आणि २०१३ सालीं अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानग्रंथाची पांचवी आवृत्ति निघाली तेव्हां कोठें संवेदनांच्या या अतिरेकाला व न्यूनतेला ऑटिझमच्या लक्षणांत स्थान मिळालें.

येथें एक सांगणें अवश्य आहे. आमच्या नातवाचें निदान अद्याप झालेलें नाहीं. तज्ज्ञ बाईंनीं 'शक्यता आहे' इतकेंच म्हटलें आहे व सहा महिन्यांनीं पुन्हां तपासणी ठेविली आहे. आवाज सोसत नाहीं अशा प्रत्येक मुलाला ऑटिझम असतो असें नाहीं. उलट संवेदनांची ही अडचण म्हणजे एक स्वतंत्र व्याधि मानावी कीं नाहीं, याविषयीं तज्ज्ञांतच वाद आहे, आणि अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संघानें तसें निदान सहसा करूं नये असा सल्ला २०१२ सालीं दिला होता. तेव्हां हा लेख एका 'शक्यते'विषयींचा आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. परंतु नांव ठरावयाचें आहे म्हणून कानाला होणारा त्रास थांबत नाहीं. आमच्या घरांत मात्र आम्ही सर्वांनीं असा व्यवहार केला, कीं जणूं डॉक्टरांचा कागद हातीं पडेपर्यंत मुलाला दुखण्याचा अधिकारच नाहीं!

गेल्या दिवाळींतली नरकचतुर्दशी मला या संदर्भांत सांगितलीच पाहिजे. अभ्यंगस्नानाचा आमच्या घरीं कटाक्ष असतो. पहांटे साडेचारला दिवे, पाट, रांगोळी, तेलाची वाटी, उटणें अशी सर्व सिद्धता करून मीं नातवाला पाटावर बसविलें. तेल त्यानें कसेंबसें सोसलें. उटणें लावतांच तो असा किंचाळला, कीं शेजारचे जागे झाले. तो निसटूं लागला तसा मीं त्याचा दंड धरला, आणि तरी तो थांबेना तेव्हां पाठींत दोन चापट्या दिल्या. सून धांवत आली. "अप्पा, मारूं नका. तो हट्ट नाहीं करीत, त्याला टोचतंय."

"उटणं कुणाला टोचतं?" मीं विचारलें.

हा प्रश्न विचारतांना आपण कांहीं तरी निरुत्तर करणारें बोलतों आहों, असा माझा भाव होता. आज तो प्रश्न मला माझ्या सबंध पिढीचा प्रश्न वाटतो. उटणें मला टोचत नाहीं, माझ्या वडिलांना टोचत नव्हतें, म्हणून तें कोणालाच टोचतां कामा नये. माझी कातडी हें जगांतल्या सर्व कातड्यांचें प्रमाण. दुसऱ्याच्या अंगावर काय गुदरतें याची कल्पनाच करतां न येणें, याला जर आपण स्वमग्नता म्हणत असूं, तर त्या पहांटे पाटाशीं बसलेल्या दोघांपैकीं स्वमग्न कोण होता?

आतां त्या मुंजींतल्या आरोपाकडे वळतों. आरोप मुलावर नव्हताच. तो आईवर होता. या आरोपाला मोठा व लज्जास्पद इतिहास आहे. खुद्द कॅनरनेंच चाळिशीच्या दशकांत या मुलांच्या सुशिक्षित आईबापांच्या थंडपणाविषयीं लिहिलें, आणि शीतकपाटांत ठेविलेल्या वस्तूची उपमा वापरली. पुढें शिकागोचे ब्रूनो बेटेलहाइम यांनीं १९६७ सालीं 'रिकामा गड' अशा अर्थाच्या नांवाचें पुस्तक लिहून त्या सूचनेचा सिद्धांत केला. हे गृहस्थ स्वतः नाझींच्या छळछावण्यांतून सुटून आलेले. त्यांनीं या मुलांच्या स्थितीची तुलना छावणीतल्या बंद्यांच्या स्थितीशीं केली. त्या तुलनेंत पहारेकऱ्याची जागा कोणाकडे जाते, हें निराळें सांगावयास नको. हजारों मातांनीं तें पुस्तक वाचलें, अथवा न वाचतां त्याचा निकाल ऐकला. त्याच्या तीन वर्षें आधींच बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञानें, जो स्वतः अशा एका मुलाचा बाप होता, या आरोपाला कांहीं आधार नाहीं हें साधार मांडलें होतें. १९६९ सालीं पालकांच्या एका सभेंत वृद्ध कॅनरनें आईबापांना जाहीरपणें दोषमुक्त केलें. १९७७ सालीं सुसान फोल्स्टाइन व मायकेल रटर यांनीं जुळ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला व या स्थितींत आनुवंशिकतेचा वाटा किती मोठा आहे, तें दाखवून दिलें. म्हणजे शास्त्राच्या न्यायालयांत हा खटला निकालांत निघून अर्धें शतक होऊन गेलें. आमच्या कार्यालयांत तो अजून चालूं आहे. फरक इतकाच, कीं तिकडे आई थंड म्हणून दोषी होती, इकडे ती मायाळू म्हणून दोषी आहे. तिनें नोकरी केली तर दुर्लक्ष आणि सोडली तर लाड; माझ्या सुनेनें बँकेंतली नोकरी सोडली त्या दिवसापर्यंत पहिला आरोप होता, दुसऱ्या दिवसापासून दुसरा सुरू झाला.

बापाला मात्र कोणी कांहीं विचारीत नाहीं. माझा मुलगा त्या मुंजींत पंगतीची व्यवस्था पाहत होता आणि त्याबद्दल त्याचें कौतुक झालें.

मोबाईलचा उल्लेख आतां कोणी तरी करीलच. लहान मुलाच्या हातीं तो पडदा तासन्‌तास देऊं नये, त्यानें बोलणें व झोंप हीं दोन्हीं मागें पडतात, हें मला मान्य आहे, आणि आमच्या घरीं तो आतां जवळजवळ बंद आहे. पण कॅनरचीं तीं अकरा मुलें १९४३ पूर्वींचीं. त्यांच्या घरीं दूरदर्शनसुद्धां नव्हता. लशीची गोष्ट त्याहून जुनी झाली आहे. १९९८ सालीं इंग्लंडांत बारा मुलांच्या आधारें उठविलेली ती आवई २०१० सालीं त्याच वैद्यक नियतकालिकानें मागें घेतली, आणि २०१९ सालीं डेन्मार्कमध्यें साडेसहा लाखांहून अधिक मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. गोवराच्या लशीचा व ऑटिझमचा कांहीं संबंध तींत आढळला नाहीं. तरीहि आमच्या इमारतींत गेल्याच वर्षीं एका तरुण जोडप्यानें ती लस पुढें ढकलली. दोघेंहि अभियंते आहेत!

"पूर्वीं हें असलें कांहीं नव्हतें" हा युक्तिवाद मीं स्वतः इतक्या वेळां केला आहे, कीं त्याला उत्तर देणें मला प्राप्तच आहे. आमच्या लहानपणच्या वाड्यांत माझ्या वडिलांचे एक चुलतभाऊ राहत. ओटीवरच्या कोपऱ्यांत त्यांची जागा ठरलेली. ते फारसें बोलत नसत. बोललेच तर आपण विचारलेला प्रश्नच आपल्याला परत विचारीत. विहिरीचा रहाट फिरतांना पाहत ते तासच्या तास बसत. आणि बाराहि महिने त्यांच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे असत. त्यांना घरांत एक नांव होतें, तें येथें लिहीत नाहीं. तें माणसाला ठेवण्याजोगें नव्हतें. आम्ही पोरें त्यांच्या पाठीमागें हळूच जाऊन लवंगी फटाका उडवीत असूं, आणि ते दचकून भिंतीवर आदळत, मग आम्ही हंसत असूं. वडील मंडळी आम्हांला रागावत, पण हंसूं दाबीत रागावत. काकांनीं कानांत बोळे कां घातले असतील, हा प्रश्न त्या तीस माणसांच्या सुशिक्षित वाड्यांत कोणालाहि पडला नाहीं. मला तो पडला गेल्या वर्षीं, नातवाचे हात कानांवर गेलेले पाहून, काका जाऊन पन्नासांवर वर्षें लोटल्यावर. काकांना काय झालें होतें, याचें निदान मी आज करूं पाहत नाहीं. परंतु पूर्वीं हें नव्हतें असें जो म्हणतो, त्यानें आपल्या वाड्याची ओटी एकदां आठवून पाहावी.

आतां 'मुलगे उशिरांच बोलतात' या दिलाशाविषयीं. सर्व दिलाशांत हा मला अधिक घातक वाटतो, कारण तो प्रेमानें दिलेला असतो आणि पुष्कळदां खराहि ठरतो. उशिरां बोलून पुढें वक्ते झालेले लोक प्रत्येक घराण्यांत असतात. आमच्याकडे तर माझा मुलगाच तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नाहीं. त्या एका पुराव्यावर आम्हीं सव्वा वर्ष घालविलें. पाहावयाचें तें नुसत्या बोलण्याकडे नाहीं, हें आम्हांला कोणी सांगितलें नव्हतें. वर्षाचें मूल हातवारे करतें का, बोट दाखवितें का? नांव घेतल्यावर वळतें का? आपल्याला आवडलेली वस्तु दुसऱ्यानें पाहावी म्हणून ती उचलून दाखवितें का? सोळा महिन्यांपर्यंत एखादा शब्द, दोन वर्षांपर्यंत स्वतःच्या मनानें जोडलेले दोन शब्द येतात का? आणि येत असलेलें बोलणें गेलें तर नाहीं ना? ही शेवटची गोष्ट कोणत्याहि वयांत घडो, तिला थांबा म्हणणें हा अपराध आहे. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांचा संघ अठराव्या व चोविसाव्या महिन्यांत प्रत्येक मुलाची या दृष्टीनें चांचणी करावी असें सांगतो. आमच्या नातवाला त्या वयांत वीसेक शब्द येत होते, त्यांतले बरेच पुढें नाहींसे झाले. त्याऐवजीं आगगाडीच्या स्थानकावरची हिंदी घोषणा तो निवेदिकेच्या सुरासकट म्हणूं लागला, आणि आम्हीं ती पाहुण्यांसमोर म्हणवून घेतली. तहान लागली कीं तो म्हणे, "तुला पाणी हवंय?" आम्ही ज्या शब्दांत विचारीत असूं त्याच शब्दांत तो मागत होता. आम्हांला तें गोड वाटलें; माझ्या पत्नीनें तें फोनवर सगळ्या नातेवाइकांना सांगितलें.

प्रथम त्याचे कान तपासून घ्यावेत, एवढी साधी गोष्टहि आम्हीं केली ती तिसरें वर्ष लागल्यावर. ते उत्तम निघाले. पण ते उत्तम निघतील हें आम्हांला ठाऊक नव्हतें, आणि बहिऱ्या मुलाचीं दोन वर्षें अशींच जाऊं शकलीं असतीं. लवकर दाखवून ती शंका खोटी ठरली तर काय बिघडतें? चार दुपारी जातात, थोडे पैसे जातात, आणि मुलाशीं बसून खेळण्याच्या व बोलण्याच्या कांहीं चांगल्या रीती आईबापांना समजतात. उशिरां बोलणाऱ्या मुलाचें त्यानें कांहीं नुकसान होत नाहीं.

माझे एक स्नेही आहेत, निवृत्त न्यायाधीश. त्यांचा आक्षेप निराळा आहे, व तो मला तुच्छ मानतां येत नाहीं. ते म्हणतात, एकदां शिक्का बसला कीं तो पुसत नाहीं. शाळा दार लावते, नातेवाईक कुजबुजतात, पुढें धाकट्या भावंडांच्या लग्नांतहि तो आडवा येतो. हें सर्व खरें आहे. २०१६ च्या दिव्यांगांच्या अधिकारांच्या कायद्यांत ऑटिझमचें नांव स्पष्ट आहे व शाळांनीं भेदभाव करूं नये असेंहि त्यांत आहे. तरी एका नांवाजलेल्या बालवाडीनें आम्हांला 'आमच्याकडे जागा नाहीं' असें सांगितलें, आणि त्याच आठवड्यांत शेजारच्या मुलीला जागा दिली. पण माझें न्यायाधीशसाहेबांना विचारणें असें, कीं या मुलावर आज शिक्का नाहीं असें आपण कशावरून समजतां? हट्टी, लाडावलेला, आणि मागून दबक्या आवाजांत वेडा, असे तीन शिक्के त्याच्यावर सवातीन वर्षांच्या आयुष्यांत बसून चुकले आहेत, आणि ते मारतांना कोणीहि तपासणी केलेली नाहीं. त्यांच्यापेक्षां शिकलेल्या माणसानें विचार करून दिलेला एक शिक्का मला परवडेल.

मात्र निदानाच्या पाठोपाठ जी बाजारपेठ दारांत येऊन उभी राहते, तिच्याविषयींहि लिहिलें पाहिजे. 'शक्यता' हा शब्द आमच्या घराबाहेर पडून महिना झाला नाहीं तोंच तीन उपाय आले. एकानें आहारांतून गहूं व दूध काढून टाकावयास सांगितलें. अगोदरच पांच पदार्थांवर जगणाऱ्या मुलाच्या ताटांतले दोन पदार्थ! दुसऱ्यानें शरीरांतील विषारी धातु काढून टाकणारीं औषधें सुचविलीं. तीं जिवावर बेतूं शकतात. तिसऱ्यानें स्टेम सेल म्हणजे मूलपेशी टोंचण्याचा खर्च लाखांत सांगितला. या उपचाराची शिफारस करतां येत नाहीं, असें राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या समितीनें २०२२ सालींच म्हटलें आहे. दुकानें चालतात तीं आईच्या अपराधी मनावर. तिला तुझ्यामुळें झालें म्हणून सांगणारे आम्ही, आणि तुझ्यामुळें बरें होईल म्हणून सांगणारे ते. आम्हीं नांगरावें आणि त्यांनीं पेरावें, असा हा व्यवहार आहे.

मग आम्हांला उपयोग कशाचा झाला? ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंकडे आम्ही आठवड्यांतून दोनदां जातों. जीन एअर्स या अमेरिकन विदुषीनें १९७२ सालीं मांडलेल्या पद्धतीवर त्या काम करतात. त्या पद्धतीनें किती गुण येतो याविषयीं तज्ज्ञांचें एकमत नाहीं, हें त्या स्वतःच सांगतात, व त्यामुळेंच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. त्यांनीं सांगितलेल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाहीं. मिक्सर लावण्यापूर्वीं त्याला सांगावें, दाखवावें, हवें तर बटण त्यालाच दाबूं द्यावें. तेल हलक्या हातानें लावूं नये; हलका स्पर्श त्याला गुदगुल्यांसारखा नव्हे तर मुंग्यांसारखा लागत असावा, भरीव हातानें दाबून लावावें. नखें आंघोळीनंतर काढावींत. गोधडी काढून घेऊं नये. 'माझ्या डोळ्यांत पाहा' अशी सक्ति करूं नये. तो खालीं पाहून अधिक चांगलें ऐकतो. यांतल्या मिक्सरच्या उपायाला चौथ्या दिवशीं यश आलें. नखांच्या बाबतींत निम्में आलें. केंस कापण्याच्या बाबतींत कांहींच आलें नाहीं, आणि सध्यां त्याचे केंस खांद्यापर्यंत आहेत.

हें सर्व पुण्यांत राहणाऱ्या, पेन्शन असलेल्या घराचें झालें. २०१३ पासून सरकारची राष्ट्रीय बालस्वास्थ्य योजना आहे, तींत अशा मुलांना हुडकून जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवावें असें लिहिलेलें आहे; पण तालुक्याच्या गांवाहून मूल घेऊन एस.टी.नें आठवड्यांतून दोनदां जिल्ह्याला येणारी आई ती मजुरी बुडवून येते. तिच्याविषयीं बोलण्याचा अधिकार मला नाहीं, कारण तिच्याकडे मीं कधीं पाहिलेलेंच नाहीं.

आमच्या वर्गाविषयीं मात्र आहे. आम्ही भाषेंत ऱ्हस्वदीर्घाची चूक झाली तर संपादकांना पत्रें लिहितों. गाण्याच्या बैठकींत कोणी खोकला तर मागें वळून पाहतों. इतके नाजुक कान असलेलीं माणसें आपण. आणि मुंजींत, बारशांत, लग्नांत, गणपतींत ध्वनिक्षेपकाचा आवाज माणसाला सोसवेल इतका असावा, हें सांगण्याचा आपल्याला धीर होत नाहीं. निवासी वस्तींत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांत आहे. मी स्वतः ढोलताशाचा शौकीन आहें, दर वर्षीं लक्ष्मी रस्त्यावर उभा राहिलेला माणूस आहें. ढोल बंद करा असें मी म्हणणार नाहीं. पण बंद दालनांत बटूच्या कानांत गायत्री सांगण्याचा संस्कार आणि त्याच वेळीं दाराशीं फटाक्यांची माळ, यांचा मेळ कोणत्या शास्त्राधारें बसतो, तें मला कोणी पुरोहितानें समजावून द्यावें.

त्या वयोवृद्ध बाईंना मीं नंतर पत्र लिहिलें. त्यांचें उत्तर आलें, तें सौजन्यपूर्ण आहे, परंतु मत त्यांनीं बदललेलें नाहीं. सुनेला मीं त्या पत्रव्यवहाराविषयीं सांगितलें तेव्हां ती एवढेंच म्हणाली, "अप्पा, तुम्ही त्या दिवशीं बाहेर आला असतात तर बरं झालं असतं." तें खरें आहे. चपलांच्या ढिगाजवळ ती पाऊण तास एकटी बसली होती.

येत्या मार्गशीर्षांत माझ्या भाचीचें लग्न आहे. नातवाला आणावें कीं नाहीं असें सून विचारीत होती. मीं कार्यालयाच्या मालकांना भेटून माडीवरची मागची खोली, जेथें आवाज कमी येतो ती, दिवसभरासाठीं मागितली. कोणी आजारी आहे का, असें त्यांनीं विचारलें. नाहीं म्हणून सांगितलें. मग कशाला हवी, तें त्यांना समजेना. मीं समजावून सांगितलें, तरीहि फारसें समजलेलें दिसलें नाहीं. भाडें वेगळें पडेल म्हणाले. तें आगाऊ भरून पावती घेऊन आलों आहें.